बरे वाटले म्हणजे बरे झाले नव्हे



या पत्रिकेतून आम्ही बहुधा बेणे, लागण, खते नाहीतर हुमणी यांवरच लिहीत आलो. या खेपेस विषय निराळा आहे. मागचा गळीत हंगाम तोंडावर आला असताना आम्ही स्वतः आजारी पडलो. फुफ्फुसाचा क्षय, म्हणजे ज्याला आपण टीबी म्हणतो तो. सहा महिने औषध घेतले आणि आता पूर्वीसारखे बांधावर उभे आहोत. कित्येक सभासद वाटेत गाठून विचारतात, "साहेब, मध्यंतरी कुठं गायब होता?" त्यांना तोंडी अर्धवट सांगितले, ते आज पुरे लिहितो. आमच्या दुखण्याचे कौतुक करून घ्यावे हा हेतू नाही. आजारातून उठताना आपण शेतातली माणसे एक चूक हमखास करतो, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे जरूर आहे.

आडसाली लागणीची धांदल चालू होती. संध्याकाळ झाली की अंगात कणकण आणि रात्री खोकला. पावसात भिजलो असू, असे म्हणून दुकानातून गोळ्या घेतल्या. असे तीन आठवडे गेले. कमरेच्या पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले, तेव्हा आमच्या मंडळींनी निक्षून सांगितले, "अहो, दुसऱ्याच्या उसावर टिपका दिसला तर तुम्ही गाडी थांबवता. स्वतःकडं कधी बघणार?" सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि रोग उघड झाला. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, उतरत चाललेले वजन ही लक्षणे दिसली की थुंकी तपासावीच. मधुमेही माणसाने आणि तंबाखू-विडी ओढणाऱ्याने तर मुळीच चालढकल करू नये.

औषधाचा हिशेब सोपा आहे. साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते, त्याला भिण्याचे कारण नाही. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजरेत फरक पडला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुढे काय करायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे. आणि या काळात दारूला शिवू नये.

आता चुकीकडे वळू. महिन्याभरात आमचा ताप गेला. भूक लागू लागली. दोन महिने होतात न होतात तो खोकलाही थांबला आणि नेमका कारखान्याचा भोंगा वाजला. तोडणीचा कार्यक्रम, टोळ्यांची वाटणी, फोनवर फोन. आम्हाला वाटले, झालो बरे. मोटारसायकल काढली आणि एका दिवसात तीन गावे केली. चौथ्या दिवशी एका सभासदाच्या प्लॉटला फेरी मारता मारता दम लागून बांधावरच बसलो. गोळीही दोन दिवस राहून गेली होती.

त्या प्लॉटचे मालक वयाने वडीलधारे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी पाणी दिले आणि म्हणाले, "साहेब, खोडव्याचा दुसरा हप्ता चुकवू नका म्हणून आम्हाला घसा फोडून सांगता. मग सोताच्या दुसऱ्या हप्त्याचं काय?"

आम्ही निरुत्तर झालो. नाना बोलले ते खरेच होते. ऊस तुटून गेला की आठ-पंधरा दिवसांत फुटवे येतात, रान हिरवे दिसते आणि शेतकऱ्याला वाटते, खोडवा आपोआप येतोय. बुडखे छाटायचे राहतात, नांग्या तशाच राहतात. पाडेगावच्या शिफारशीप्रमाणे खताचा पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत आणि दुसरा १३५ दिवसांच्या सुमारास पहारीने द्यायचा असतो. पहिला कसाबसा दिला जातो. दुसऱ्याच्या वेळी पीक हिरवेगार असते, म्हणून तो टळतो. मग वजन भरत नाही आणि दोष खोडव्याला दिला जातो. टीबीचेही असेच आहे. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून माणसाला हुशारी वाटते. उरलेले चिवट जंतू मारण्यासाठी पुढचे चार महिने असतात. ते टाळले तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार पहिल्या औषधांना दाद देईलच असे नाही.

आमच्याच गटातील एका सभासदाचे तसे झाले. तोडणी आली, बरे वाटत होते, गोळ्या बंद केल्या. पुढच्या पावसाळ्यात माणूस अंथरुणाला खिळला. दुसरी औषधे, जास्त दिवस, जास्त त्रास. लागण गेली, सोसायटीचे कर्ज थकले आणि थोरल्या मुलाचे कॉलेज सुटले. चार महिन्यांच्या गोळ्या वाचवून त्यांनी काय मिळवले?

पूर्वी क्षय झाला की सॅनिटोरियम, आणि घरचा कर्ता वर्ष-वर्ष बाहेर. मद्रासच्या केंद्रात १९५६ सालापासून एक मोठा अभ्यास झाला, तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. दाटीवाटीच्या घरात राहून, बेताचे जेवून, पण वर्षभर नियमाने औषध घेणारे रोगी सॅनिटोरियममधल्या रोग्यांइतकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जादा लागण झाली नाही. आज तर औषध सहा महिन्यांवर आले आहे. म्हणजे माणूस घरात राहून, घर सांभाळून बरा होऊ शकतो. अट एकच, गोळी चुकता कामा नये. आणि ही अट एकट्या रोग्याला पाळता येत नाही, घराने आणि गावाने ती पाळायची असते. आमचे म्हणणे ते हेच.

आम्ही आधी आजार लपवला. कचेरीत चहाचा कप वेगळा ठेवतील, ही धास्ती. वास्तविक टीबी कपबशीने पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. योग्य औषध चालू झाल्यावर ती भीती झपाट्याने उतरते. तोवर तोंडाला रुमाल आणि घराला उघडी खिडकी, एवढे पाळावे. सांगितल्यावर काय झाले? आमच्या चिटबॉयने गावोगावचे कागद घरी आणून दिले. सहकाऱ्यांनी दूरची गावे वाटून घेतली. महिनाभर आम्ही अर्धा दिवस बसून नोंदवह्या पाहिल्या, मग दिवसाला एकच गाव, मग दोन. रोजची चाकोरी अशी टप्प्याटप्प्याने परत आली.

शेतकऱ्याला मात्र रजा नसते. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पहिली, घरातल्या दुसऱ्या माणसाला सगळे ठाऊक हवे. उसाची नोंद कोणत्या गटात, लागणीची तारीख कोणती, पाण्याची पाळी कधी, पासबुक कुठे. हे मालकिणीला किंवा मुलाला आजच सांगून ठेवा, आजारपणाची वाट पाहू नका.

दुसरी, इर्जिक. आपल्याकडे ही रीत जुनी आहे, ती मोडू देऊ नका. आजारी माणसाच्या रानात भावकीने आणि शेजाऱ्यांनी दोन दिवस बांधणी करून दिली, तर तो चार महिने गोळ्या घेऊ शकतो.

तिसरी, खाणे. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध घरचेच आहे, ते सगळे विकून टाकू नका. क्षयरोग्याच्या खात्यावर पोषणासाठी सरकारकडून दरमहा रक्कम मिळते. २०१८ साली ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. दवाखान्यात नाव आणि बँक खाते नोंदवा.

चौथी गोष्ट आमच्या शेती खात्यासाठी. आजारी सभासदाचा ऊस क्रमपाळी मोडून आधी तोडावा, असे आम्ही म्हणणार नाही. एकाची पाळी मोडली की शंभर जण आजारी पडतील! पण आजारी आहे म्हणून त्याची पाळी हुकता कामा नये. तो कचेरीत येऊ शकत नसेल तर गटाच्या माणसाने त्याच्या घरी जावे. टोळीतल्या मजुरांचीही हीच गत आहे. औषध अर्धे झालेले असते आणि कोयता उचलून ते बिऱ्हाड इकडे येते. त्यांचे उपचार इथल्या सरकारी दवाखान्यात पुढे चालू ठेवता येतात. खोपीवर कोणी खोकताना दिसला तर एवढे सांगणे प्रत्येक सभासदाचे काम आहे.

आमची शेवटची गोळी संपली त्या आठवड्यात आम्ही नानांच्या रानात गेलो. त्यांचा तो ऊस तुटून गेला होता आणि खोडवा गुडघ्याएवढा झाला होता. नानांनी विचारले, "हप्ता पुरा झाला का?" आम्ही म्हटले, "आमचा झाला नाना, आता तुमचा दुसरा चुकवू नका."

आपला,
ऊस विकास अधिकारी