वेचणाऱ्याचा वर्ग

संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांची दखल साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावी, अशी प्रथा मराठीत अद्याप पडलेली नाही. त्यातही ‘तगून राहण्याचे’ म्हणून ओळखले जाणारे खेळ वाङ्मयीन दृष्टीला अगदीच रिते वाटण्याचा संभव आहे. स्वीडनमध्ये तयार झालेला व २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला ‘माइनक्राफ्ट’, कॅनडातील ‘डोन्ट स्टार्व्ह’ (२०१३), किंवा ‘रोब्लॉक्स’वर २०२५ साली आलेला आणि अल्पावधीत जगभरच्या मुलांच्या तोंडी झालेला ‘नाइंटी-नाइन नाइट्स इन द फॉरेस्ट’ – यांपैकी कशातही सांगण्याजोगे कथानक फारसे नाही. अरण्य आहे, रात्र आहे, भूक आहे. लाकूड तोडायचे, फळे वेचायची, शेकोटी विझू द्यायची नाही. शेवटच्या खेळात आरंभी मिळणाऱ्या जुन्या थैलीत थोड्याच वस्तू मावतात. ती भरून आणायची, रिती करायची आणि पुन्हा निघायचे.

अशा खेळांत पात्रांचे ‘क्लास’, म्हणजे वर्ग, ठरवलेले असतात. कोणी योद्धा, कोणी वैद्य, तर कोणी केवळ वेचणारा. वेचणाऱ्याला मान थोडाच. श्वापदाशी झुंज घेणाऱ्याची कीर्ती होते; त्याच्या शेकोटीत सरपण कोणी घातले, हे सहसा कोणी विचारीत नाही. तरीही पुष्कळ खेळणारे हीच भूमिका हौसेने घेतात आणि तासन्‌तास ओणवून वेचीत राहतात. या हौसेला वेळेचा अपव्यय म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे : वेचण्याचे काम हेच ज्याचे कथानक आहे, अशी रचना या खेळांनी लोकप्रिय केली. भारतीय भाषांतील कादंबरीला हे क्वचितच साधले आहे.

‘वर्ग’ हा शब्द मात्र येथे फसवा आहे. मराठी समीक्षेत मार्क्सवादी चर्चेपासून या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे, त्यात निवडीला जवळजवळ वाव नाही. माणूस वर्गात जन्मतो. खेळात वर्ग निवडता येतो, खेळात कमावलेले हिरे मोजून विकत घेता येतो आणि कंटाळा आला की बदलता येतो. हे अंतर किती आहे हे ज्याला पाहायचे असेल, त्याने जबलपूर जिल्ह्यातील कुंडमकडे पाहावे.

कुंडम हे जबलपूरच्या पूर्वेस, शहपुरा-दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तहसिलीचे गाव. नर्मदेला मिळणारी हिरन नदी या परिसरात उगम पावते. वस्ती मोठ्या प्रमाणात गोंडांची. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते, ही गोष्ट मराठी अभ्यासक आता विसरत चालले आहेत. त्यामुळे भंडारा-गडचिरोलीच्या रानाचा जो धागा सातपुड्याच्या कुशीतून नर्मदेपर्यंत जातो, तोही त्यांच्या नजरेतून सुटतो.

या भागात वेचणे हा ऋतूंनी बांधलेला व्यवहार आहे. चैत्राच्या सुमारास मोह फुलतो. रात्री उमललेली फुले पहाटे गळू लागतात आणि ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात. उशीर झाला तर गुरे आणि हरणे, कधी अस्वलही, वाटेकरी होतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ करतात, आणि याच जाळण्यावरून वनखात्याशी खटका उडतो. मग तेंदूपत्त्याचा हंगाम. झुडपांची छाटणी आधी झालेली असते. तिला फुटलेली कोवळी पाने वैशाखाच्या उन्हात तोडायची, घरी आणून सारे कुटुंब बसून पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधते, आणि संध्याकाळी त्या फडावर मुन्शीसमोर मांडल्या जातात. डाग पडलेले वा फाटलेले पान बाद. अशा हजार गड्ड्यांची एक प्रमाणित बोरी होते. मध्य प्रदेशात २०२४ मध्ये तिचा दर ४,००० रुपये झाला. म्हणजे गड्डीला चार रुपये, पानाला आठ पैसे.

खेळातही आकडे असतात. लाकूड इतके, दगड इतके. परंतु तेथे आकडा वेचणाऱ्याच्या बाजूचा असतो. कुंडमच्या बाईच्या गड्डीतील आकडा दुसऱ्याने ठरवलेला आहे. १९६४ च्या तेंदूपत्ता अधिनियमाने हा व्यापार शासनाच्या हाती आला, आणि १९८४ मध्ये लघु वनोपज संघ स्थापन होऊन सहकाराची चौकट आली. ठेकेदाराच्या लुबाडणुकीच्या तुलनेत ही निश्चितच प्रगती होती. तथापि रानावर हक्क कोणाचा, या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावर आदिवासी व अन्य पारंपरिक वननिवासींची मालकी मान्य केली. त्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होऊ शकतो, हे २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकून दाखवले. सगळीकडे असे घडले नाही.

याहून सूक्ष्म असा एक मुद्दा आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रदेश राज्य वन विकास निगमाचा एक प्रकल्प-विभाग कुंडमच्याच नावाने ओळखला जातो. कमी उत्पन्नाचे मिश्र वन काढून सागाची लागवड करणे, हे या निगमाच्या कामाचे मुख्य सूत्र राहिले. मिश्र वनात मोह, चार, आवळा, हिरडा, बेहडा आणि कंदमुळे असतात; सागवनात साग असतो. रान म्हणजे एकाच प्रकारच्या मालाचा साठा, ही कल्पना संगणकावरील खेळांनी निर्माण केली असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल. ती प्रशासनाच्या कागदावर आधी आली आणि पडद्यावर नंतर. खेळाने तिला केवळ चित्ररूप दिले.

आता साहित्याकडे वळावे. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त गोदातीरीच्या मोहाला फुले सावकाश ढाळण्याची विनवणी करणारी स्त्री भेटते. मराठीच्या पूर्वपरंपरेत वेचणारी अशी आरंभीच उभी आहे; परंतु तेथे वेचणे हे प्रियकराला भेटण्याचे निमित्त आहे, काम म्हणून त्याला मोल नाही. बिभूतिभूषणांच्या ‘आरण्यक’मध्ये (१९३९) अरण्य आहे, त्यावर जीव जडलेला निवेदक आहे, आणि तोच निवेदक जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून ते अरण्य कुळांना वाटून संपवतो. गोपीनाथ महांतींच्या ‘परजा’त (१९४५) वृक्षतोडीबद्दल झालेला दंड हीच दुर्दशेची पहिली पायरी ठरते. म्हणजे वेचणारा एक तर निसर्गचित्राचा भाग, नाही तर आरोपी. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ने (१९८७) आणि भुजंग मेश्राम यांच्या ‘ऊलगुलान’ने (१९९०) मराठी कवितेत आदिवासी माणूस स्वतः बोलू लागला, ही घटना मोठीच. तेथे विद्रोहाचा स्वर पुढे येणे स्वाभाविक होते. रोजच्या कामाचे तपशील मागे राहिले. दुर्गाबाई भागवतांचे उदाहरण वेगळ्या कारणाने बोलके आहे. मध्य प्रांतातील आदिवासींचा अभ्यास करताना त्यांना विषारी सुरणाची बाधा झाली आणि दीर्घकाळ अंथरूण धरावे लागले. कोणता कंद खावा, कसा शिजवावा, हे ज्ञान पुस्तकी विद्येपेक्षा किती वेगळे आणि किती निकडीचे आहे, याचा याहून कठोर दाखला मिळणार नाही. त्यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) मराठी ललित गद्याचा अभिमान आहे. तरी त्यातील दृष्टी पाहणाऱ्याची आहे, वेचणाऱ्याची नव्हे.

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९८६ मधील एका निबंधात कथेचे मूळ भाल्याऐवजी थैलीत शोधले. शिकारीची गोष्ट रंगते, दाणे वेचण्याची रंगत नाही, ही त्यांची तक्रार. तगून राहण्याच्या खेळाने ती थैली खेळणाऱ्याच्या हाती खरोखरच दिली. मात्र थैलीत काय आहे हे ओळखण्याची गरज ठेवली नाही. पडद्यावरचे फळ स्वतःहून आपले नाव सांगते. ते कच्चे आहे की पिकले, हे बहुधा विचारावे लागत नाही.

आणि तरीही रानातील वेचणाऱ्याला संयमाचा पुतळा करण्याचा मोह टाळावा. मध्य प्रदेशात चिरोंजीला चांगला भाव मिळू लागल्यावर फळे पिकण्याआधीच तोडणे, फांद्याच छाटणे, हे प्रकार वाढले. ज्याने पिकण्याची वाट पाहिली, त्याच्या वाट्याला काही उरत नाही. जुन्या निर्बंधाला सामूहिक हक्काचा आधार असतो. तो सुटला की खेळातील स्पर्धक आणि रानातील माणूस सारखेच वागू लागतात. यात रानातल्या माणसाचा कमीपणा नाही, खेळाच्या नियमांचा परिणाम आहे.

२०२३ मध्ये कोलंबियाच्या अमेझॉन अरण्यात विमान कोसळले आणि हुइतोतो जमातीची चार भावंडे चाळीस दिवस एकटी जगली. थोरली तेरा वर्षांची होती. अपघातस्थळी सापडलेले कसाव्याचे पीठ संपल्यावर रानातील फळांवर त्यांचे निभावले, कारण कोणते फळ खावे हे तिला ठाऊक होते. असे ज्ञान भाषेत साठते. कुंडमकडे ज्या फळाला अचार म्हणतात त्याला विदर्भात चार म्हणतात; त्याचा गर एकीकडे चिरोंजी, दुसरीकडे चारोळी. मोहाचे फूल, फळ, बी आणि तेल यांना गोंडी, बुंदेली-बघेली छटांची हिंदी आणि झाडीबोली यांत निरनिराळी नावे आहेत. कच्च्या, पिकत्या व गळलेल्या अवस्थांनाही. भारतीय भाषांच्या विभागांतून या शब्दांचा तुलनात्मक कोश, वेचणाऱ्या स्त्रियांच्याच तोंडून, ऋतुमानाप्रमाणे उतरवून घेता येईल. मोहाचा हंगाम दरवर्षी जेमतेम महिनाभराचा असतो, आणि विद्यापीठांच्या परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास येतात.