दमछाक की आळस?

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना झाला. भारत आणि नेपाळ हे दोन्ही संघ तोवर अपराजित होते. भारतीय संघाचे नेतृत्व आपल्या बीड जिल्ह्यातील प्रियंका इंगळे यांच्याकडे होते. पहिल्या पाळीत भारताने ३४-० अशी आघाडी घेतली. दुसऱ्या पाळीअखेर नेपाळने ती ३५-२४ पर्यंत खाली आणली. तिसऱ्या पाळीत भारतीय मुली पुन्हा तितक्याच वेगाने धावल्या आणि गुणफलक ७३-२४ झाला. अखेर भारत ७८-४० असा विजयी ठरला.

थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा त्याच वेगाने धावता येणे, हीच या खेळातील दमाची कसोटी. दोन धावांच्या मधल्या अवधीत स्नायूंना प्राणवायू मिळावा लागतो. तो वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनसाठी लोह आवश्यक असते. मासिक पाळी सुरू झाल्यावर मुलींची लोहाची गरज वाढते; ताटातील लोह मात्र बहुधा तेवढेच राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो.

म्हणूनच पूर्वी मैदानावर रमणारी मुलगी लवकर धापा टाकू लागली, तिचा चेहरा निस्तेज दिसू लागला, तर तिला आळशी ठरवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार करावेत. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने जेवणानंतर नियमित घ्यावी. बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ आणि पालेभाजी यांसोबत लिंबू किंवा पेरू द्यावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावा.

आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. बरोबर नेलेल्या मुलीची शाळा सुटते, त्यासोबत निळी गोळी आणि मैदानही सुटते. अशा पालकांनी निघण्यापूर्वी आशाताईंकडे गोळ्यांची चौकशी करावी. शक्य असल्यास मुलीला आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवावे. तिचे शिक्षण, औषध आणि खेळ हे तिन्ही त्यामुळे अखंड राहतील.