राणी पाकोळीची खरी ओळख

महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ब्लू मॉर्मन, म्हणजेच राणी पाकोळी, हे राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित केले आणि असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. तरीही बागेत एखादे मोठे काळे फुलपाखरू दिसताच त्याला राणी पाकोळी म्हणून टाकण्याची घाई सर्रास केली जाते. केवळ आकारावरून ओळख ठरवण्याची ही पद्धत सदोष आहे, कारण उडत्या फुलपाखराच्या आकाराचा अंदाज फसवा असतो.

ही जात पॅपिलिओनिडी कुळातील असून, या कुळातील अनेक जातींच्या मागच्या पंखांना शेपटीसारखे टोक असते, पण राणी पाकोळीला ते नसते. तिच्या पसरलेल्या पंखांची रुंदी साधारण 120 ते 150 मिलिमीटर भरते, पुढचे पंख मखमली काळे असून त्यांवर निळसर रेषांचा पट्टा असतो, तर मागच्या पंखांचा बाहेरचा बराच भाग फिकट निळा असून त्यावर काळे ठिपके असतात. पंख मिटल्यावर मात्र ही निळाई मंदावते आणि पंखांच्या बुंध्याशी असलेले तांबडे डाग दिसू लागतात, म्हणून निरीक्षकाने दोन्ही बाजू पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये.

खरी कसोटी लागते ती कॉमन मॉर्मन या शेपटीवाल्या नातेवाइकाच्या बाबतीत. त्याच्या नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. मादी मात्र तीन रूपांत आढळते, एक नरासारखे आणि उरलेली दोन अनुक्रमे कॉमन रोझ व क्रिम्झन रोझ या विषारी फुलपाखरांसारखी. भक्ष्य होऊ शकणाऱ्या जातीने विषारी जातीचे रूप धारण करून पक्ष्यांपासून बचाव साधणे, यालाच अनुकरण म्हणतात. हे सोंग पंखांपुरतेच असते: दोन्ही रोझ फुलपाखरांच्या धडावर तांबडा रंग ठळक असतो, तर मॉर्मनचे धड काळेच राहते. पंखांच्या नक्षीत हरवून जाण्याऐवजी आधी धडाकडे पाहण्याची सवय म्हणूनच अत्यंत मोलाची ठरते.

ओळखीचा आणखी एक भाग झाडावर असतो आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. राणी पाकोळीची मादी लिंबू, पपनस, माकडलिंबू अशा लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी होताना हिरवी होते, आणि छेडल्यास डोक्यामागून तांबडा, दुभंगलेला, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. कुंडीतल्या लिंबावर अशी अळी दिसताच कीटकनाशक फवारणे हे दुर्दैवी आहे, कारण वाढलेले झाड काही पाने गमावूनही नवी पालवी धरते, पण अळी मेली की त्या अंड्यातून फुलपाखरू निघण्याची शक्यताच संपते.