'बारीक झालीस गं! छान दिसतेस!'

मराठी माणूस भेटला की पहिल्या अर्ध्या मिनिटात तुमच्या वजनावर बोलतो. 'वाळलीस किती!', 'तब्येत सुधारली हं!', 'काय रे, पोट सुटलं की!' आणि नवीन लग्न झालेल्या मुलीला तर हमखास 'लग्न मानवलं वाटतं!' पगार विचारणं हल्ली जरा असभ्य समजतात. आडनावावरून अंदाज येईना तर जातसुद्धा लोक आडून आडून विचारतात. पण वजन? ते जणू सार्वजनिक मालमत्ता. त्यावर कोणीही, कधीही, चारचौघांत बोलावं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे बंद करा. टोमणे तर बंद कराच, पण कौतुकसुद्धा बंद करा. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे वाक्य निरुपद्रवी नाही. काही माणसांच्या बाबतीत ते आजाराला खतपाणी घालतं, आणि समोरचा माणूस त्यातला आहे की नाही हे आपल्याला बघून कळत नाही.

उदाहरण देतो. माझ्या एका सहकारी मुलीचं आहे, आणि तिने 'लिही, पण नाव नको' असं सांगितलंय. तिच्या आधीच्या ऑफिसात एचआरने 'वेट लॉस चॅलेंज' काढलं होतं. दर शुक्रवारी पॅन्ट्रीशेजारी वजनकाटा, एक्सेलमध्ये सगळ्यांची नावं आणि आकडे, आणि ती शीट अख्ख्या फ्लोअरला मेलवर. ती पहिली आली. तिने किती किलो कमी केलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हा आजार असलेल्या माणसाला असा आकडा वाचला की ते टार्गेट वाटतं. बक्षीस म्हणून स्मार्टवॉच मिळालं. त्यात पुन्हा कॅलरी मोजायची सोय!

तोवर तिची पाळी बंद झाली होती, केस पुंजक्याने गळत होते आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण मात्र 'काय मेंटेन केलंयस!' म्हणत होता. तिने मला सांगितलं, "लोक 'आता छान दिसतेस' म्हणायचे ना, तेव्हा मला ऐकू यायचं की आधी छान नव्हतीस. आणि थांबलीस तर पुन्हा नसशील." घरी याच्या बरोब्बर उलटं. आई ताटापाशी बसून, "अगं जेव गं दोन घास, आमच्यासाठी तरी." मग ती जेवायची आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन सगळं उलटून टाकायची. ऑफिस कौतुक करत होतं, घर आग्रह करत होतं. दोघांचंही प्रेमच होतं, आणि दोघंही तिच्या ताटाकडे आणि कंबरेकडेच बघत होते. ती कशी आहे, हे कोणी विचारत नव्हतं.

आता थोडं आजाराबद्दल, कारण आपल्याकडे याला 'फॅड' किंवा 'नखरे' म्हणायची पद्धत आहे. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव विल्यम गल या इंग्लिश डॉक्टरने १८७३ साली वापरलं. म्हणजे इन्स्टाग्राम सोडाच, सिनेमाचाही जन्म व्हायचा होता. बुलिमियाचं वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं: भराभर खूप खायचं आणि मग उलटी, जुलाबाची औषधं किंवा उपास करून ते 'भरून काढायचं'. तिसरा प्रकार बिंज ईटिंग. त्यात खाण्यावरचा ताबा जातो, पण असं 'भरून काढणं' नसतं. याला २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचाराच्या डीएसएम-५ मध्ये स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं.

मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू ज्यांत होतात त्यांतला एक अ‍ॅनोरेक्सिया आहे. गायिका कॅरेन कारपेंटर १९८३ मध्ये त्यातूनच हृदय बंद पडून गेली, अवघ्या ३२व्या वर्षी. बुलिमियात वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बुलिमिया असलेली बरीच माणसं बारीक नसतातच! प्रिन्सेस डायनाने आपल्या बुलिमियाबद्दल १९९५ मध्ये टीव्हीवर सांगितलं. त्याआधी कित्येक वर्षं अख्खं जग तिचे फोटो बघतच होतं की. 'दिसते तर चांगली धडधाकट' या निकषाला काही अर्थ नाही, तो असा.

'मग जेवायला काय होतं? दोन घास खाल्ले की झालं!' हा आपला आवडता युक्तिवाद. त्याला माझं उत्तर म्हणजे १९४४-४५ सालचा मिनेसोटाचा प्रयोग. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी, तरुण पुरुष निवडले. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेले हे स्वयंसेवक. युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शोधायचं होतं. त्यांना २४ आठवडे गरजेच्या साधारण निम्मंच अन्न दिलं. वजन जवळजवळ पावपट उतरलं, ते अपेक्षितच होतं. पण डोकी बदलली! दिवसरात्र अन्नाचेच विचार. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक घास घोळवत तासन्‌तास जेवायला लागले, चिडचिडे झाले, उदास झाले, मित्रांपासून तुटले. पुन्हा भरपूर अन्न मिळायला लागल्यावरही काही जणांचा खाण्यावरचा ताबा बराच काळ परत आला नाही.

ही मुलं काही 'साइझ झीरो'च्या मागे लागली नव्हती. ती नुसती उपाशी होती. म्हणजे कारण काहीही असो, उपासमार स्वतःच मेंदूला पकडते. अशा मेंदूला 'खा ना!' म्हणणं म्हणजे मशीन हँग झालंय आणि आपण त्याच कीबोर्डवर जोरजोरात एंटर मारतोय. बरं, फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाने एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. आग्रह करणाऱ्या मावशीला हे ठाऊक नसतं. म्हणून ते डॉक्टरवर सोडावं.

दुसरा युक्तिवाद: 'हे सगळं गोऱ्यांचं. आपल्या खात्यापित्या घरात असलं काही नसतं.' फिजी बेटांवरही असंच होतं. तिथे भरदार शरीर चांगलं समजत आणि पाहुण्याला आपल्यासारखाच खाण्याचा आग्रह. १९९५ मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींची टीव्ही आल्याबरोबर आणि मग १९९८ मध्ये अशी दोनदा पाहणी केली. खाण्याबद्दलच्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. तीन वर्षांत! आग्रहाच्या संस्कृतीने त्यांना वाचवलं नाही. आपल्याला वाचवेल असं मानायला कारण काय? आपल्याकडे तर लपायची सोयही जास्त. 'आज चतुर्थी आहे', 'मी दिवसातून एकदाच जेवते', 'इंटरमिटंट फास्टिंग चालू आहे' म्हटलं की प्रश्न संपले, वर शाबासकी. उपास करणारा प्रत्येक जण आजारी नसतो, मान्य. पण आजारी माणसाला याहून चांगलं कव्हर मिळणार नाही. आणि मुलगे? 'कटिंग' आणि 'चीट डे'च्या नावाखाली जिममध्ये हेच चालतं, फक्त त्याला डिसिप्लिन म्हणतात.

तिसरा आणि जरा वजनदार मुद्दा (क्षमस्व!): 'देशात डायबेटिस वाढतोय, मग जाड माणसाला सांगायचंही नाही का?' डायबेटिस वाढतोय हे खरंच आहे. पण ज्याला तुम्ही 'जाड्या' म्हणता त्याच्या घरी आरसा आहे. तुम्ही त्याला नवी माहिती देत नाही, फक्त लाज देता. लहानपणी वजनावरून चिडवलेल्या मुलांमध्ये पुढे बिंज ईटिंग जास्त दिसतं, असं अभ्यासांत आढळलं आहे. आरोग्याचं बोलायचं तर डॉक्टर आहेत, रक्ताच्या तपासण्या आहेत. लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबीचं ताट घेऊन देण्यासारखा तो सल्ला नव्हे.

मग बोलायचं काय? गप्प बसायचं? मुळीच नाही. माझ्या त्या सहकारी मुलीला मदत केली ती तिच्याच टीममधल्या एकीने. जेवणाच्या टेबलावर नाही, संध्याकाळी पार्किंगकडे चालताना, दोघीच असताना. ती म्हणाली, "हल्ली तू खूप दमलेली दिसतेस, आणि दुपारी आमच्यात नसतेस. मला काळजी वाटते गं. बोलावंसं वाटलं तर मी आहे." बस्स. यात वजन नाही, कॅलरी नाही, 'तू तर जाडी नाहीसच' अशी समजूतही नाही. पहिल्यांदा उत्तर आलं, "काही नाही, रिलीजचं टेन्शन." तिने वाद घातला नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ही रडली आणि बोलली. तेव्हाही मैत्रिणीने लगेच डाएट चार्ट पुढे केला नाही. आम्हा आयटीवाल्यांना हेच जमत नाही, बग नीट ऐकायच्या आधी आमचा पॅच तयार असतो. तिने पूर्ण ऐकून घेतलं. "कोणाला सांगू नकोस हं" याला मात्र "गरज पडली तर तुझ्या आईला सांगेन, पण आधी तुला विचारून" असं खरं उत्तर दिलं. आणि हाफ डे टाकून डॉक्टरकडे बरोबर गेली.

डॉक्टर म्हणजे आधी फिजिशियन, मग मानसोपचारतज्ज्ञ आणि असले आजार माहीत असलेला आहारतज्ज्ञ. कोणाकडे जावं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ वर चालू आहे, मराठीतही बोलता येतं. खर्चाचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांसारखीच विम्याची सोय द्यायला सांगितलं आहे. पॉलिसी काढून बघा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त किंवा जगणं नकोसं वाटल्याचे उद्गार, यांतलं काहीही दिसलं तर मात्र वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

किशोरवयीन मुलांच्या एका उपचारपद्धतीत, लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये सुरू झालेल्या, आईवडीलच जेवणाची जबाबदारी घेतात. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि मुलीला दोष न देता, आजाराला शत्रू मानून. 'आमच्यासाठी तरी खा' याच्यापासून हे फार दूर आहे.

आणि हो, माणूस बरा व्हायला लागला की 'तब्येत सुधारली' म्हणू नका. त्या कानांना ते 'जाड झालीस' असंच ऐकू येतं. 'भेटून बरं वाटलं' म्हणा, तेवढं पुरे.

लग्नसराई तोंडावर आहे. केळवणं, सीमांतपूजन, रिसेप्शन... शेकडो माणसं भेटतील. एक प्रयोग करून बघा: एकाच्याही वजनावर, ताटावर, पोटावर अवाक्षर काढायचं नाही. मग बोलायचं काय, असा प्रश्न पडला तर तो चांगला प्रश्न आहे. 'कशी आहेस?' विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.