कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?



आमच्या वस्तीतल्या विहारात एक लोखंडी कपाट आहे. त्यात बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आहेत. दर १४ एप्रिलला कपाट पुसलं जातं, खंडांना हार घातला जातो, फोटो निघतात आणि पुन्हा कुलूप लागतं.

मागच्या जयंतीला आम्ही तिथं भाषण केलं. "बाबासाहेबांच्या रुपयावरच्या प्रबंधातून रिझर्व्ह बँक उभी राहिली" हे वाक्य नेहमीप्रमाणे ठणकावून म्हटलं आणि नेहमीप्रमाणे टाळ्या घेतल्या. कार्यक्रम संपल्यावर दहावीतली एक मुलगी आली. "दादा, त्या प्रबंधात रुपयाबद्दल नेमकं काय लिहिलंय?"

आम्हाला सांगता आलं नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, दहा वर्षं हेच वाक्य बोलणारे आम्ही. "पुढं शिकशील तेव्हा कळेल," असं म्हणून सुटलो. तिनं पुस्तक मागितलं, तर कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

हा लेख त्या प्रश्नाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे. आणि तक्रार आधी आमच्याबद्दलच आहे.

आपल्या चळवळीला एक आजार जडला आहे. बाबासाहेबांनी मिळवलेलं आपण आपल्या खात्यावर जमा धरतो. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते आणि ती म्हणून झाली की आपलाही अभ्यास झाला असं आपल्याला वाटतं. नोकरी लागली, फ्लॅट झाला, दारावर निळी पाटी लागली की 'शिका' हा आदेश फक्त पोरांसाठी उरतो. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलचं दुःख बोलून दाखवलं. आपण तो प्रसंग दरवर्षी सांगतो, पण बोट मात्र कायम 'त्या अधिकाऱ्यांकडे' असतं. दहा वर्षं एकच भाषण करणारा कार्यकर्ता त्या शिकलेल्या वर्गात येत नाही का?

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमचं म्हणणं उचलून आपल्याच विरोधात वापरणारे टपलेले असतात. "आधी स्वतःला सुधारा, मग हक्क मागा" हा उपदेश आपल्या आजोबांनीही ऐकला आहे. तो कालही लबाडीचा होता, आजही आहे. महाडच्या तळ्यातलं पाणी प्यायला कुणाच्या गुणपत्रिकेची गरज नव्हती. माणूस म्हणून जो हक्क आहे, त्याला पात्रता परीक्षा नसते. पण त्याच महाडला, मार्च १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावरांचं मांस सोडा, स्वाभिमानानं जगा असंही बजावलं. हक्काचा लढा आणि स्वतःत बदल या दोन गोष्टी त्यांनी एकाच व्यासपीठावरून मांडल्या. पहिलीला दुसरीची अट घातली नाही आणि पहिलीच्या नावाखाली दुसरीतून सूटही दिली नाही.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात विकली जाते ती सुधारणाही आम्हाला नको. पहाटे पाचला उठा, सकारात्मक विचार करा, श्रीमंत व्हा, असं सांगणारा वक्ता जातीबद्दल एक अवाक्षर काढत नाही. त्याला एकट्याला वर चढणारा माणूस हवा असतो.

मग आपल्याला काय हवं? त्या प्रबंधाकडेच जाऊ. बाबासाहेबांनी तो लंडनला सादर केला, तेव्हा परीक्षकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही, फेरलेखन करायला सांगितलं. तोवर कोलंबियाचं शिक्षण झालेलं होतं, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी झाली होती, बॅरिस्टरीही पदरात होती. एवढ्यावर थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. मुंबईला परतून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला, पुन्हा पाठवला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. आपण पदवी सांगतो. परत आलेला प्रबंध सांगत नाही.

राजकारणातही तेच. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० ला सुरू झाला, काही वर्षं चालला आणि त्या वाटेनं माणुसकी मिळत नाही हे दिसल्यावर त्यांनी तो थांबवला. १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ ला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. आपलीच वाट पुन्हा तपासण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपण मात्र आपल्या संघटनेच्या एका चुकीबद्दल कुणी बोललं की त्याला दलाल ठरवून मोकळे होतो.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर कुलूप तोडून आम्ही सहावा खंड काढला. इंग्रजी जड, अर्थशास्त्र त्याहून जड. चार महिने लागले. जे समजलं ते साधं करून सांगतो. त्या काळी हिंदुस्थानात रुपये किती काढायचे हे बरंचसं सरकारच्या मर्जीवर होतं. केन्ससारखा अर्थतज्ज्ञ त्या चलनव्यवस्थेची बाजू घेत होता. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. चलन काढणाऱ्याच्या मर्जीला लगाम हवा, कारण रुपया घसरला की भाव वाढतात आणि मजुरी मागं राहते. व्यापाऱ्याला जो फायदा दिसतो तो मजुराच्या खिशातून गेलेला असतो. हे वाचताना नाक्यावर रोजंदारीसाठी उभी राहणारी आपली माणसं डोळ्यांसमोर आली.

आणि आमचं ते टाळ्यांचं वाक्यही दुरुस्त करावं लागलं. बाबासाहेबांनी चलनविषयक शाही आयोगापुढं, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढं, साक्ष दिली. त्या आयोगानं १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. एका वाक्यात सगळं उरकायच्या नादात आम्ही साक्षही गाळली आणि मजूरही गाळला. त्यांचा खरा विचार आमच्या घोषणेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला. त्याचे चार भाग आहेत. न उपजलेलं अकुशल उपजू न देणं, उपजलेलं अकुशल सोडणं, न उपजलेलं कुशल उपजवणं आणि उपजलेलं कुशल टिकवून वाढवणं. आपण चौथ्यात नापास होतो. १९५६ ला दीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा झाल्या, आता वाढवायचं काय उरलं, असं आपण वागतो. महापरिनिब्बाणाच्या वेळी तथागतांचा शेवटचा उपदेश अप्रमादाचा होता. मिळालं म्हणून सैल सोडणं हाच तर प्रमाद.

म्हणून तरुण मित्रांनो, मिरवणूक जरूर काढा. ज्यांना रस्त्यानं चालू दिलं जात नव्हतं, त्यांनी रस्ता भरून चालणं हेही आंदोलनच आहे. पण डीजेच्या वर्गणीसाठी दार ठोठावता तसंच अभ्यासवर्गासाठीही ठोठवा. आठवड्याला दोन तास द्या. एकानं एक प्रकरण मांडावं, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. मागच्या वर्षीचं भाषण यंदा करायचं नाही असा नियम करा. भाषणात चूक झाली असेल तर ती त्याच माईकवर दुरुस्त करा. आणि 'मला माहीत नाही, वाचून सांगतो' हे वाक्य म्हणायला शिका. आम्हाला ते पस्तिशीत शिकावं लागलं.

आमचा वर्ग दर रविवारी विहारात भरतो. कधी नऊ जण येतात, कधी दोघंच. कपाटाला नवं कुलूप घातलेलं नाही. ती मुलगी सध्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचते आहे आणि तिचे प्रश्न आता जास्त अवघड झाले आहेत.

तुमच्या विहारातल्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, ते आज जाऊन विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!