सही करण्याआधी हे प्रश्न विचारा

घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडलेली, तिथे महिनोन्‌महिने ओली राहिलेली जखम, आणि तिच्यावर एकामागून एक हळद, चुना, दगडीपाला, मेडिकलवाल्याने दिलेलं मलम. असा पाय घेऊन किनवट, मुखेडकडचा माणूस शेवटी नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतो. अशा मोठ्या दवाखान्यात एखाद्या दिवशी डॉक्टर विचारतील, "काका, या जखमेच्या उपचारावर अभ्यास चालू आहे. भाग घेता का?" तर उठून पळू नका. आणि लगेच अंगठाही उठवू नका.

"गरिबावर प्रयोग करतात" ही भीती उगाच आलेली नाही. पण असे अभ्यास झाले नसते तर काय लागू पडतं हे कळलंच नसतं. मधाचंच घ्या. मध जखमेला चांगला, हे आपण घरोघरी ऐकलंय. न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांवर मधाची पट्टी पारखली. पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे झालेल्या जखमा नेहमीच्या पट्टीपेक्षा खात्रीने लवकर भरल्या असं दिसलं नाही, उलट दुखण्याच्या तक्रारी वाढल्या. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांच्या अभ्यासात मात्र दाबपट्टीबरोबरच बिघडलेल्या शिरेवर लवकर उपचार केले, तेव्हा जखम भरायला साधारण ५६ दिवस लागले. उशिरा केले तिथे ८२. हा निकाल २०१८ साली आला. मलमाच्या नळ्यांवर पैसा घालणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा.

म्हणून पहिला प्रश्न: माझी जखम कशामुळे आहे? फुगलेल्या शिरांमुळे, साखरेमुळे, विडी-तंबाखूने धमनी अरुंद झाल्यामुळे, की कुष्ठरोगाने पाय बधिर झाल्यामुळे? शिरांच्या जखमेला घट्ट पट्टी हवी, पण धमनी बंद असेल तर तीच पट्टी पाय घालवू शकते. घोट्याचा रक्तदाब मोजून हे कळतं. फार जुनी जखम भरतच नसेल, तर तुकडा तपासायला घेतात. क्वचित तिथे कर्करोग निघतो.

मग अभ्यासाचं विचारा. मला नवीन उपचार मिळेल की नेहमीचा, हे कोण ठरवणार? बहुतेकदा ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि त्यात फसवणूक नसते, पण आधी माहीत असलेलं बरं. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का? भारताच्या चाचणी नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक काय? २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना ही नोंद सक्तीची आहे. आणि अपाय झाला तर उपचार, भरपाई कोण देणार?

लाजेपोटी सगळ्यात जास्त राहून जातो तो पैशाचा विषय. दर आठवड्याला पट्टी बदलायला यायचं म्हणजे एसटीचं भाडं लागतं आणि एक मजुरी बुडते. ही भरपाई देता येते, असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हा बिनधास्त विचारा.

संमतीचा कागद मराठीत मागा. घरी नेऊन शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, एक प्रत जवळ ठेवा. मधेच सोडावंसं वाटलं तर सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यापायी दवाखान्यातला नेहमीचा उपचार कुणी थांबवू शकत नाही.