सरवटे म्हणजे केवळ बसस्टँड?

परवा बँकेत खाते उघडायला आलेल्या एका मराठी तरुणाने पत्ता सांगितला, ‘सरवटेजवळ’. सहज विचारले, सरवटे कोण? म्हणाला, “बसस्टँड!” घराणे तीन पिढ्या इंदुरात.

दोष त्याचा नाही. सांगितले कोणी?

तात्या, अर्थात विनायक सीताराम सरवटे (१८८४-१९७२), जुने स्वातंत्र्यसैनिक, मराठी लेखक. संविधान सभेत मध्य भारताचे जे प्रतिनिधी होते, त्यांत आपले तात्या होते. १९६६ साली पद्मभूषण. आणि समाजकार्य उंबऱ्याबाहेर ठेवून येणाऱ्यांपैकी ते नसावेत, कारण कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये इथेच बालनिकेतन संघ सुरू केला, १९६८ साली पद्मश्री मिळवली. मुलांची शाळा काढणे हेही राष्ट्रकार्यच, असे त्या घरात मानले जात असणार.

निवडणूक आली की इंदुरात मराठी मते किती, याचा हिशेब आपण हिरिरीने मांडतो. उमेदवारीत वाटा मागतो. मागावा जरूर, पण कोणत्या पुण्याईवर मागतो, तेही ठाऊक हवे.

येत्या गणेशोत्सवात मंडळाने ऑर्केस्ट्राऐवजी एक संध्याकाळ तात्यांसाठी ठेवावी. त्यांना पाहिलेले कोणी ज्येष्ठ घरात असतील तर जरूर कळवा. त्यांना आणण्या-पोहोचवण्याचे मी बघतो.